विहीणबाईंच्या माळावरचं ग्रहण

आमच्या सोसायटीत हल्ली जो तो प्रवासाला जातो आणि आल्यावर ग्रुपवर लिहितो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई व्हिएतनामला जाऊन आल्या, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. मी यंदा चिंचवडहून चऱ्होलीला गेले, तिथून चाकणच्या पलीकडे एका माळावर गेले आणि परत आले. एवढ्या अंतरावर लोक स्वस्त कांदे आणायला जातात. तरी लिहिते आहे, कारण तिथे सगळ्यांना जाणं होत नाही. ज्यांना मुलगी आहे आणि जिची सासू चांगली निघाली आहे, त्यांनी जरूर वाचावं. सासू वाईट असेल तर तुमचं नशीब थोर, तुम्ही नाही वाचलं तरी चालेल.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. माझी एकुलती एक मुलगी प्रज्ञा तळवड्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिने सागरशी लग्न केलं. सागरचं घर चऱ्होलीतलं जुनं शेतकरी घर. आम्ही बौद्ध, कामगार वसाहतीतले. लग्नाच्या वेळी दोन्हीकडून बरीच तोंडं वाकडी झाली, मग हळूहळू सरळ झाली. प्रज्ञाला आता सातवा महिना लागला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आमच्यात आहे आणि त्यांच्यातही. मी खोली रंगवून घेतली, पाळण्याच्या दोऱ्या बदलल्या, शेजारणींना सांगून झालं. पण प्रज्ञाला "कधी येतेस?" म्हणून विचारलं की ती म्हणायची, "बघू, आई." हे "बघू" मला रात्री झोपू देईना.

तेवढ्यात ग्रहण आलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी, धुळवडीच्या संध्याकाळी चंद्रग्रहण होतं, आणि तेही ग्रस्तोदित. म्हणजे चंद्र उगवतानाच ग्रासलेला उगवणार आणि क्षितिजाच्या थोडा वर येईपर्यंत सुटणारसुद्धा. पूर्वेला मोकळं रान असेल तरच दिसणार. आमच्या बिल्डिंगच्या पूर्वेला दुसरी बिल्डिंग आहे, तिच्या पूर्वेला तिसरी.

आमच्या घरात ग्रहण म्हणजे भजी. प्रज्ञाचे पप्पा कंपनीत फिटर होते. प्रत्येक ग्रहणाला ते वसाहतीच्या गच्चीवर स्टोव्ह घेऊन चढायचे आणि ग्रहण लागलं की कांदाभजी तळायला घ्यायचे. "खा गं, बघू काय होतंय," म्हणायचे. प्रज्ञा एका हातात भजं आणि एका हातात दुर्बीण घेऊन वाढली. ते गेले, दुर्बीण राहिली.

तर माझा बेत असा होता. विहीणबाई वेध पाळतात, ग्रहण पाळतात, सगळं पाळतात. सातव्या महिन्यातल्या सुनेला त्या दिवशी खोलीत कोंडणार, सुरीला हात लावू देणार नाहीत, उपाशी ठेवणार. भज्यांवर वाढलेली माझी पोरगी भडकणार. मी तिथे असणारच. बॅग उचलायची आणि चिंचवड गाठायचं. मी देव मानत नाही, नाहीतर विहीणबाईंनी तिला चांगली कोंडावी म्हणून नवस बोलले असते.

होळी : चिंचवड ते चऱ्होली

भोसरीला बस बदलावी लागते. त्या बसमध्ये कुणीतरी खिडकीतून पाण्याचा फुगा मारला आणि तो बरोब्बर माझ्या मांडीवरच्या पिशवीवर फुटला. पिशवीत दुर्बीण. मी उभी राहून बाहेर ओरडले. कंडक्टर म्हणाला, "बसा हो मावशी, होळी आहे, राग कसला." राग फुग्याचा नव्हताच, पण ते कंडक्टरला कुठून कळणार. दुर्बीण पदराने पुसली. काचा ठीक होत्या.

चऱ्होलीत उतरलं की पहिल्यांदा डोळ्यात भरतात ते टॉवर. मध्येच एखादा ज्वारीचा तुकडा, त्याच्या मागे स्विमिंग पूलची पाटी, आणि पाटीखाली चरणारी म्हैस. विहीणबाईंच्या कांद्याच्या वावरात आता तीन टॉवर उभे आहेत. त्या स्वतः मात्र गावातल्या घरात राहतात. खाली गोठा, त्यात एक गाय, वर दोन मजले आणि ऐसपैस गच्ची. मी चिंचवडला दोन खोल्यांत संसार केला. ही तुलना मी दर खेपेला दारातच करून घेते, म्हणजे पुढे त्रास कमी होतो. होत नाही, पण करते.

विहीणबाईंचं नाव इंदूबाई. काळ्यासावळ्या, ठसठशीत, कपाळावर मोठं कुंकू. त्या मला "बाई" म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

"या बाई, या. पोरगी सकाळधरनं वाट बघून ऱ्हायलीय."

पोरगी काही वाट बघत नव्हती. पोरगी ओट्यावर विहीणबाईंच्या पायाशी बसली होती आणि विहीणबाई तिच्या डोक्याला तेल लावत होत्या. मला बघून तिने नुसता हात वर केला. लहानपणापासून मी तेलाची वाटी घेऊन तिच्या मागे धावले आहे. "आई, चिकट होतं," म्हणून ती संडासात जाऊन कडी लावायची. आणि इथे डोळे मिटून, मान ढिली सोडून, सासूच्या गुडघ्यावर डोकं टेकून! बघता बघता तिला झोप लागली. विहीणबाईंनी बोटाने मला गप्प राहायची खूण केली. माझ्या मुलीला झोप लागली म्हणून मला गप्प करतात!

तिथे आणखी एक गोष्ट कळली. उठल्यावर प्रज्ञा फोनवर कुणाला तरी सांगत होती, "चिंचवडची आई आलीय." मी चिंचवडची आई. म्हणजे नुसती आई आता दुसरी. मी तसाच चहा प्यायले. गाईच्या दुधाचा होता, चांगला होता, हेही मला सहन झालं नाही.

जेवायला पुरणपोळी. मी पुरणपोळी बरी करते असा माझा समज होता. विहीणबाईंची पोळी ताटात पडली आणि तिच्यातून ताटावरचं नक्षीकाम दिसलं. वर तुपाची धार. प्रज्ञाने चार खाल्ल्या. माझ्या घरी ती दोन खाऊन म्हणते, "डाएट आहे."

संध्याकाळी गल्लीत होळी पेटली. आमच्या वसाहतीत पोरं वर्गणीची होळी करायची, लाकडं कुणाची कुठून उचलली त्यावर दोन दिवस भांडणं. इथे मात्र सगळं शिस्तीत. विहीणबाईंनी नारळ टाकला, पोळीचा नैवेद्य टाकला आणि प्रज्ञाला धूर लागू नये म्हणून वाऱ्याच्या उलट्या बाजूला नेऊन उभी केली. मी होळीच्या पलीकडे राहिले. धूर सगळा माझ्याकडे.

धुळवड

धुळवड म्हणजे मटण. पुणे जिल्ह्यात याला अपवाद नाही. सकाळपासून मटणवाल्याकडे रांग, दुपारी रस्सा, मग झोप. यंदा मात्र पंचाईत. ग्रहणाचे वेध सकाळपासूनच, म्हणजे पाळणाऱ्याने संध्याकाळी ग्रहण सुटेपर्यंत काही खायचं नाही. गावात सगळीकडे तोच विषय. समोरचे एक आजोबा कट्ट्यावर बसून म्हणत होते, "गिऱ्हाण लागायचं तर ऐन मटनाच्या दिवशी. काय हे, राव."

मी मनातून खूश. आता प्रज्ञा उपाशी राहणार, आता ठिणगी पडणार. मी उठले ती कंबर कसूनच स्वयंपाकघरात गेले. बघते तर चुलीवर पातेलं रटरटतंय आणि विहीणबाई वाटण घालताहेत.

"बाई, बसा. तुमचं आन् पोरीचं हुईलच आता."

"आणि तुमचं?"

"माझं वेध हायत. तुमी मानत न्हाई, तुमी खावा. पोरीला कशापायी उपाशी ठेवायचं, दोन जीवाची हाय ती. तिच्या वाटचं मीच धरलंय."

तिच्या वाटचं धरलंय म्हणजे काय, हे मला नीट विचारावं लागलं. म्हणजे असं, की गर्भार बाईने जे पाळायचं ते सगळं सून पाळणार नाही, तर तिच्या ऐवजी सासू पाळणार. अन्न नाही, पाणी नाही, सुरी-विळी नाही, शिवण नाही. वाटण त्यांनी म्हणूनच उजाडायच्या आत करून ठेवलं होतं. मी असली रीत कधी ऐकली नव्हती. त्यांच्यातही नसावी. बाईंनी स्वतःच काढली होती.

आता सांगा, अशा बाईशी भांडायचं कसं? मी आणि प्रज्ञा ताटावर बसलो. समोर विहीणबाई कोरड्या ओठांनी वाढताहेत. "घे की गं आनिक एक नळी. बाई, रस्सा?" रस्सा असा झणझणीत, की मला रडायला आयतं कारण मिळालं. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तर त्या माझ्याकडे बघत होत्या, म्हणजे माझ्या तांब्याकडे. मला घोट गिळता येईना. आयुष्यभर मी वर्गात सांगितलं, की चंद्रावर पृथ्वीची सावली पडते, तिचा आपल्या पोटाशी संबंध नाही. तेच त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं कुणाला? माझ्या मुलीला मटण वाढणाऱ्या बाईला?

दुपारी मी सरळ मुद्द्याला हात घातला. "ग्रहण बघायचं कुठून? तुमच्या गच्चीवरून दिसणार नाही, पूर्वेला टॉवर आहेत."

"आमचंच हायत," विहीणबाई म्हणाल्या. बढाई नव्हती, माहिती होती. तरी लागली.

सागरला त्या दिवशी सुट्टी होती. तो चाकणला एका कंपनीत सुपरवायझर आहे, मला मम्मी म्हणतो, मुलगा गुणी आहे. त्याबद्दलही माझी तक्रार आहे, पण ती पुन्हा कधी. तो म्हणाला, "मम्मी, आईच्या माहेरी जाऊ. चाकणच्या पुढं मामाचा माळ आहे, पूर्वेला एकदम ओपन. अजून शेड झाली नाही तिकडं."

"प्रज्ञा येणार," मी म्हणाले आणि विहीणबाईंकडे बघितलं. आता तरी अडवतील.

"तिची मर्जी," विहीणबाई म्हणाल्या.

प्रज्ञा कुणाकडेच न बघता म्हणाली, "जाऊ या."

चऱ्होली ते माळ

आळंदीवरून चाकणला जाणारा रस्ता ज्यांनी पाहिला नाही, त्यांना सांगते : आधी ऊस, मग वजनकाटा, मग ऊस, मग अर्धा किलोमीटर लांब पत्र्याची शेड, तिच्या भिंतीला टेकून रसवंती. माणसं पाच भाषांत बोलतात आणि सगळ्या भाषांत "गाडी बाजूला घे" म्हणतात. धुळवड असल्याने पोरं हिरव्यानिळ्या तोंडांनी बाइकवर तिबल सीट फिरत होती.

गाडीत पुढे मी आणि सागर, मागे विहीणबाई आणि प्रज्ञा. विहीणबाईंनी प्रज्ञाचा हात हातात धरला होता. मला आरशात दिसत होता. मी आरशातून नजर काढायचे आणि ती परत तिथेच जायची. चाकणच्या चौकात नव्या गाड्या वाहून नेणारा एक लांबलचक ट्रेलर वळताना अडकला आणि सगळं ठप्प झालं. सूर्य खाली चालला होता. ग्रहण दिसणार ते मोजून थोडा वेळ, आणि आम्ही ट्रेलरवरच्या पांढऱ्या गाड्या बघत बसलेलो. "हॉर्न वाजव की रे," मी सागरवर खेकसले.

"मम्मी, हॉर्न वाजवून ट्रेलर लहान होत नाही."

मागे प्रज्ञा हसली. खूप दिवसांनी मी तिचं हसणं ऐकलं. हे हसणं इथे रोज ऐकू येत असणार, असं मनात आलं आणि मग मला ट्रेलरचाही राग येईना.

सागरने गाडी एका कच्च्या रस्त्याला घातली. धूळ, खड्डे, एक ओढा. विहीणबाई प्रत्येक खड्ड्याला प्रज्ञाच्या पोटापुढे हात आडवा धरत होत्या. माळावर पोचलो तेव्हा सूर्य टेकत होता.

माळ खरंच मोकळा होता. पाठीमागे कंपन्यांच्या शेडा, धुराडी, दिवे लागत होते. समोर नुसतं वाळलेलं गवत आणि लांब कुठेतरी एक बाभूळ. सागरचे मामा धोतर सावरत आले. त्यांनी माझी दुर्बीण हातात घेऊन उलटसुलट बघितली. "ह्यातनं पार पल्याडचं दिसतं व्हय? मग जरा बगा बरं, आमच्या हद्दीचा दगूड त्या बिल्डरनं हालवलाय का."

मी म्हटलं, आधी चंद्र, मग दगड.

माळ

सूर्य मागे बुडाला आणि पुढे काहीच दिसेना. क्षितिजावर धुरकट पट्टा. मी दुर्बीण लावून उभी. सागरने मोबाईलमध्ये काहीतरी बघून दिशा दाखवली, तीही मला माहीत होतीच. आणि मग बाभळीच्या डावीकडे, धुरातून, फिकट, जवळजवळ रंगच नसलेला तो दिसला. वरच्या अंगाला चावा घेतलेला. नुसत्या डोळ्यांना काही कळत नव्हतं, पण दुर्बिणीत तो काळपट तुकडा स्वच्छ दिसत होता.

"प्रज्ञा!" मी ओरडले. "लवकर ये! दिसला! वरच्या बाजूला बघ!"

कुणी आलं नाही. मी वळले. गाडीचं तोंड मावळतीकडे होतं, काचा वर होत्या, आणि मागच्या सीटवर प्रज्ञा पदर पोटावर ओढून बसली होती. शेजारी विहीणबाई.

झालं. दोन दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. मी गाडीपाशी गेले आणि दार उघडलं.

"शेवटी अडवलंतच ना तिला? तोंडावर म्हणायचं तिची मर्जी, आणि इथे आणून काचा लावून बसवायचं. माझी मुलगी आहे ती! एक ग्रहण चुकवलेलं नाही तिने आजवर!"

"म्या काय बी बोलले न्हाई, बाई," विहीणबाई म्हणाल्या.

"मग ती आत का बसलीय?"

"आई, त्यांना काही बोलू नकोस," प्रज्ञा म्हणाली. "मीच बसलेय."

"तू? तू ग्रहण पाळतेस?"

तिने पोटावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "कोजागिरीचं ग्रहण आठवतं तुला?"

न आठवायला काय झालं. दोन-अडीच वर्षांपूर्वी कोजागिरीलाच ग्रहण लागलं होतं. मीच फोन करून तिला उठवलं होतं. ती चऱ्होलीच्या गच्चीवर, मी चिंचवडच्या, आणि ग्रहण सुटेपर्यंत आम्ही फोनवर बोलत होतो. ही गोष्ट मी किती जणींना कौतुकाने सांगितली आहे.

"तेव्हा मला दिवस गेले होते, आई. तुला सांगणारच होते. त्याच आठवड्यात सगळं गेलं."

आणि माझ्या तोंडातून काय निघालं? "अगं, पण ग्रहणाचा आणि त्याचा काही—"

"संबंध नाही. माहितीय मला. तू तेव्हाही हेच म्हणाली असतीस, आणि बरोबरच म्हणाली असतीस. मला तेव्हा बरोबर ऐकायचं नव्हतं." तिचे डोळे भरले होते. "आजही मला माहितीय. यायचं म्हणून आले मी. पण दार उघडायला हातच होईना."

मी विहीणबाईंकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"घरातच झालं की वो. ठावं नसंल कसं?"

"मग म्हणाला असाल तिला, ग्रहण बघितलं म्हणून असं झालं."

"एकदाही नाही," प्रज्ञाच म्हणाली. "आजपर्यंत नाही."

"कशाला म्हनायचं?" विहीणबाई म्हणाल्या. "पोरगी रडत हुती. मी बी बसले तिच्यासंगं रडत. दुसरं काय येतंय मला?"

मला त्यांचा हेवा वाटत होता तो गोठ्याचा, गच्चीचा, पोळीचा, तेल लावायचा. तो सगळा किरकोळ होता हो. खरा हेवा मला त्या माळावर कळला. माझी मुलगी रडत होती आणि तिच्याजवळ या बसल्या होत्या. मी तेव्हा चिंचवडला आमच्या दोघींच्या ग्रहणाची गोष्ट शेजारणीला सांगत असणार. ते रडणं माझं होतं. ते या बाईंनी माझ्याआधी ऐकून घेतलं होतं आणि आता ते मला कुठल्याही वाटेने परत मिळणार नव्हतं. माझ्या पोटात इतकं दुखलं, की मी खरंच पोट धरलं.

मग विहीणबाई म्हणाल्या, "बाई, सुटलं का बगा की जरा."

"पंचांगात वेळ असेल ना."

"असंल. पर तुमी डोळ्यानं बगून सांगा. पोरीला भाईर काढायची हाय."

मी परत जाऊन दुर्बीण लावली. काहीच नीट दिसेना. दुर्बीण पुसली, मग लक्षात आलं की पुसायला हवेत ते डोळे. पुन्हा बघितलं. चंद्र धुरकट पट्ट्याच्या वर आला होता, पिवळा, अख्खा. चावा कुठेच नव्हता. तरी मी घाई केली नाही. कडेकडेने सगळा बघितला, वरची बाजू दोनदा बघितली. एवढं काळजीपूर्वक मी आयुष्यात कुठलं ग्रहण बघितलं नसेल, आणि ते तर संपलेलं होतं.

"सुटलं," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. या बाहेर."

प्रज्ञा उतरली. विहीणबाईंनी एका बाजूने धरलं, मी दुसरी बाजू पकडली. तिने दुर्बीण घेतली नाही, नुसतीच बघत उभी राहिली. सागर आणि मामा लांबवर हद्दीचा दगड शोधत होते, म्हणजे आमच्याकडे न बघण्याचं काम करत होते.

परत चऱ्होलीत

येताना चाकणच्या अलीकडे एक बाई परडी घेऊन रस्त्याकडेला उभी होती. "दे दान, सुटे गिऱ्हाण!" विहीणबाईंनी तांदळाची पिशवी आधीच आणलेली होती. खिडकी माझ्या बाजूची, म्हणून तांदूळ मलाच द्यावे लागले. प्रज्ञाचे पप्पा वरून बघत असते तर म्हणाले असते, भजी कुठे गेली? मी दिले तांदूळ. बाई म्हणाली, "लेकरंबाळं सुखी ऱ्हावूंत." तेवढ्यापुरतं मी ते घेऊनही टाकलं.

घरी आल्यावर विहीणबाईंनी आंघोळ केली आणि दिवसाचं पहिलं पाणी प्यायल्या. उभ्यानेच, गटागटा. मग मटण गरम करायला ठेवून भाकऱ्या थापायला बसल्या. मी ठरवलं, आता "बघू" पुरे. काय ते तोंडावर ऐकायचं.

"प्रज्ञा, बाळंतपण कुठे?"

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग चुलीकडे. "रागावू नकोस, आई. मला इथंच राहायचंय. इथं मला भीती कमी वाटते."

मी रागावले नाही. रागवायला अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

"असं न्हाई चालायचं," विहीणबाई आमच्याकडे पाठ करून म्हणाल्या. "पयलं बाळतपण म्हायेरीच असतंय. बाईंचा हक हाय त्यो. जायाला पायजे." आणि भाकरी इतक्या जोरात थापली, की परातीतून पीठ उडालं.

म्हणजे त्या मला देत होत्या. ज्याच्यासाठी मी दोन बस करून, फुगा खाऊन, धूर खाऊन आले होते, ते त्या स्वतःहून माझ्या पदरात टाकत होत्या. मला फक्त "बरं" म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं तेही "बरं" म्हणायलाच. पण प्रज्ञा खाली मान घालून नखं कुरतडत होती, आणि तोंडातून भलतंच आलं.

"ताई, मला इथे एखादी खोली मिळेल का? बाळंतपण होईपर्यंत?"

आमच्या जुन्या बायका लेकीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. आणि मी महिनोन्महिने मुक्काम मागत होते, तोही विहिणीकडे. प्रज्ञाने एकदम वर बघितलं.

"खोली कशापायी?" विहीणबाई वळल्या. "पोरीच्या दोन बाजू हायत. सागऱ्याला झोपू दे वर. एका बाजूला तुमी, एका बाजूला मी."

आता एक बारीक गोष्ट. डॉक्टरांनी प्रज्ञाला डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं आहे. म्हणजे तिचं तोंड डावीकडे आणि उजवीकडच्या माणसाला रात्रभर नुसती पाठ. हे माझ्या लगेच लक्षात आलं. मी तशी हुशार आहे.

"डावी बाजू माझी," मी म्हणाले.

विहीणबाईंचा हात परातीवर थांबला. दिवसभर अन्नपाण्यावाचून राहून ज्यांच्या कपाळावर आठी पडली नव्हती, त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"सागऱ्याची नाइट असली की डावीकडं मीच झोपती," त्या म्हणाल्या. आवाज चांगलाच कोरडा होता. "एकदम कशी सोडू? एक दिस तुमी, एक दिस मी."

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. म्हणजे बाई जळत होत्या! मी दारात पाऊल टाकलं तेव्हापासून जळत असणार, आणि दोन दिवस मला रस्सा वाढत होत्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, की मी त्यांच्याकडे आणखी एक भाकरी मागून घेतली.